वाळलेला पर हातात आला, तर तो कोणत्या शार्कचा हे कसं ओळखायचं

बंदरावर आणि कस्टम्सच्या गोदामात तपासणी करणाऱ्या निरीक्षकांना शार्कचे पर ओळखायला शिकवणं, हे माझं काम. शिकायला येणाऱ्यांत जीवशास्त्राचे विद्यार्थी थोडेच असतात. बहुतेकांनी जिवंत शार्क कधी पाहिलेलाही नसतो. तरी थोड्या सरावानंतर पोत्यातल्या ढिगातून हॅमरहेडचा, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याच्या शार्कचा पर ते बरोबर बाजूला काढतात. त्यासाठी एक मोजपट्टी लागते, चांगला उजेड लागतो आणि आधी कुठे बघायचं याचा क्रम डोक्यात पक्का असावा लागतो. तो क्रम इथे मांडते आहे. तपासणी करणाऱ्यांना तो उपयोगी पडेलच, पण सागरी जीवशास्त्राचे विद्यार्थी, पत्रकार, पाणबुडे यांनाही तो माहीत असावा असं मला वाटतं.

फिनिंग म्हणजे पकडलेल्या शार्कचे पर बोटीवरच कापून घेणं आणि धड समुद्रात टाकून देणं. यामागचं गणित सरळ व्यापारी आहे. पर वजनाला हलके असतात, वाळवले की टिकतात, थोड्या जागेत पुष्कळ मावतात आणि किलोमागे मांसापेक्षा कितीतरी जास्त पैसे देऊन जातात. धड मात्र बर्फाची जागा अडवतं. टाकून दिलेला शार्क बऱ्याचदा जिवंत असतो. इतर माशांना तरंगत ठेवणारी हवेची पिशवी त्याच्याकडे नसते. तेलाने भरलेलं मोठं यकृत आणि पोहताना परांमुळे मिळणारी उचल, यांच्या जोरावर तो पाण्यात आपली पातळी राखतो. खुल्या समुद्रातल्या अनेक जातींना तर कल्ल्यांवरून पाणी वाहतं राहावं म्हणून सतत पोहावंच लागतं. पर गेले की तो खाली जातो आणि गुदमरून, रक्तस्रावाने किंवा दुसऱ्या कुणाच्या तोंडी पडून मरतो.

धडाबरोबर त्याची ओळखही तळाला जाते. डोक्याचा आकार, दात, कल्ल्यांच्या फटी, पाठीचा रंग, यातलं काहीच उरत नाही. किनाऱ्यावर येतं ते राखी-तपकिरी खरखरीत त्रिकोणांचं पोतं आणि कागदावर ‘सुके शार्क पर’ एवढीच नोंद. ज्या जातींच्या व्यापाराला परवाना सक्तीचा आहे, त्याही या तीन शब्दांआडून सीमा ओलांडतात. म्हणून मी शिकवताना ‘हे बेकायदा आहे का?’ या प्रश्नापासून सुरुवात करत नाही. ‘हा कोण आहे?’ हा पहिला प्रश्न. जात कळल्याशिवाय कायद्याचं कुठलं कलम लावायचं हेच ठरत नाही.

बोटीवर किंवा धक्क्यावर असाल तर

इथे सगळ्यात भक्कम नियम एकच आहे. शार्क किनाऱ्यावर उतरवताना त्याचे पर अंगाला नैसर्गिकरीत्या जोडलेले असले पाहिजेत. अमेरिकेने २०१०च्या कायद्याने आणि युरोपीय संघाने २०१३ मध्ये हाच मार्ग धरला. भारताच्या पर्यावरण मंत्रालयाचं धोरणही २०१३ पासून तेच सांगतं. त्याआधी ठिकठिकाणी वजनाचं प्रमाण लावलं जायचं. परांचं वजन धडांच्या वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा तो हिशोब होता. कागदावर तो नेटका दिसतो, पण धक्क्यावर टिकत नाही. परांचं वजन जातीप्रमाणे बदलतं, कापण्याच्या पद्धतीनेही बदलतं, आणि एका जातीची धडं ठेवून दुसऱ्या महागड्या जातीचे पर त्यांच्यासोबत दाखवता येतात. पर अंगालाच असले की ही सोंगटी हलवायला जागाच राहत नाही.

गोठवताना आणि रचताना अडचण नको म्हणून बऱ्याच ठिकाणी पर अर्धवट कापून अंगाशी दुमडायला परवानगी असते. असा शार्क समोर आला तर दुमडलेला पर उचला आणि बुडाशी बघा. कातडी आणि आतली कूर्चा कुठेतरी सलग दिसायला हवी. दोरीने बांधलेला किंवा धडासोबत पिशवीत घातलेला पर ‘जोडलेला’ धरायचा नाही. एकाच शार्कला दोन वेगळ्या रंगांचे पर दिसले, किंवा पराचं बूड आणि धडावरची जखम मापाने जुळली नाही, तर तो शार्क बाजूला काढून ठेवा.

कोस्टा रिकात २०११ मध्ये पकडलं गेलेलं एक प्रकरण मी नेहमी सांगते. तिथे उतरवलेले पर खरोखरच ‘जोडलेले’ होते, पण कशाला? मांस काढून टाकलेल्या पाठीच्या कण्याला, कातडीच्या एका पट्टीने. बाकी शार्क नव्हताच. खटला बराच लांबला आणि २०१७ मध्ये बोटीच्या मालकिणीला शिक्षा झाली. तेव्हा तपासणीच्या फॉर्ममध्ये ‘पर जोडलेले: होय’ एवढंच लिहू नका. ‘पूर्ण धडाला जोडलेले’ असं लिहा, आणि तसं नसेल तर काय दिसलं ते शब्दांत लिहा.

पोतं उघडल्यावर

हातमोजे घाला. वाळलेल्या शार्कची कातडी कानशीसारखी असते, कारण तिच्यावर दातांच्याच घडणीचे बारीक खवले असतात. ढीग स्वच्छ, फिक्या रंगाच्या कापडावर पसरा. त्यातून आधी फक्त पाठीवरचा पहिला पर शोधायचा आहे. प्रत्येक शार्कला तो एकच असतो, त्यामुळे त्याच्यावरून प्राणी मोजता येतात, आणि जात ओळखायलाही तोच सगळ्यात बोलका.

एक पर उचला आणि दोन्ही बाजूंनी बघा. एक बाजू गडद आणि दुसरी फिकी असेल, तर तो छातीचा पर. पोहताना त्याची एक बाजू आकाशाकडे असते, एक तळाकडे, आणि रंग त्याप्रमाणे वाटलेला असतो. त्यांची वेगळी रास करा. दोन्ही बाजू सारख्याच रंगाच्या असतील, तर तो पाठीवरचा पर असेल किंवा शेपटीचा खालचा भाग. गोंधळ होतो तो याच दोघांत.

आता पर उलटा करून बुडाचा काप उजेडाकडे धरा. पाठीच्या पराच्या बुडात कूर्चेच्या चकत्या एकीला एक लागून, जवळजवळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीने बसलेल्या दिसतात. शेपटीच्या तुकड्यात बहुतेक वेळा पिवळसर, स्पंजासारखा गाभा असतो. क्वचित चकत्या असतात, पण त्या लहान, विखुरलेल्या किंवा बुडाच्या थोड्याच भागात. आणखी एक खूण म्हणजे, पाठीचा पर बुडाशी कापलेला असला तरी मागचं छोटं टोक मोकळं सुटलेलं राहतं. शेपटीचा तुकडा सहसा पूर्ण लांबीभर सरळ कापलेला असतो. शिकणाऱ्यांना मी पहिले काही पर केवळ बुडं बघून वेगळे करायला लावते. पुढच्या भागाचा आकार डोळ्याला फसवतो, बूड फसवत नाही.

शार्कच्या पाठीवर दुसरा, लहान पर असतो. तोही अधूनमधून या राशीत येतो. बुटका असतो आणि त्याचं मागचं टोक उंचीच्या मानाने लांब असतं. तो वेगळा ठेवा, मोजणीत धरू नका.

पांढरा रंग कुठे आहे?

निवडलेल्या पाठीच्या परांवर पहिल्यांदा पांढरी खूण शोधा. पर रुंद आहे, वरचं टोक वल्ह्यासारखं गोल आहे आणि त्या टोकावर चट्ट्याचट्ट्यांचा, ठिपकेदार पांढरा रंग आहे, तर तो ओशनिक व्हाइटटिप. याच्यात गफलत होण्याचं फारसं कारण नाही. पांढऱ्या टोकाचे आणखी काही शार्क आहेत. प्रवाळ खडकांवरचा व्हाइटटिप आणि सिल्व्हरटिप हे त्यातले दोन, पण त्यांचे पर टोकाशी निमुळते असतात आणि पांढरा रंग एकसंध असतो. पांढरा चट्टा टोकावर नसून खाली मागच्या कडेला, मोकळ्या टोकाच्या बाजूला असेल आणि बाकी पर गडद असेल, तर तो पोरबीगल, म्हणजे थंड पाण्यातला शार्क.

ओशनिक व्हाइटटिपबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण हा माझ्या मनाला लागलेला प्राणी आहे. उष्ण कटिबंधातल्या खुल्या समुद्रात तो एकेकाळी अगदी नेहमीचा होता. मादी साधारण वर्षभर पिल्लं पोटात वाढवते आणि सहसा एक वर्षाआड विते. मोठे पर, ट्यूनाच्या गळांकडे धाव घेण्याची सवय आणि ही संथ वीण, या तिन्हींनी मिळून त्याचा घात केला. आज तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. राशीतून त्याचा एक पर निघाला तर त्याची स्वतंत्र नोंद करा, भले बाकी पोत्याबद्दल काहीच ठरवता आलं नाही तरी.

उंच आणि सडपातळ पर

पांढरी खूण नाही, पण पर उंच, बारीक आणि फिका तपकिरी किंवा राखी आहे? मग मोजपट्टी काढा. पुढची कड जिथे अंगापासून सुरू होते तो बिंदू आणि पराचं वरचं टोक, यांच्यामधलं सरळ अंतर मोजा. त्या रेषेच्या बरोबर मध्यावर पराची रुंदी मोजा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर २.५ किंवा त्याहून जास्त आलं तर हॅमरहेडचा दाट संशय घ्यायचा. समजा अंतर ३३ सेंटिमीटर आणि मधली रुंदी १२ सेंटिमीटर आली, तर उत्तर २.७५. हा पर बाजूला काढा. तेच अंतर ३३ आणि रुंदी १७ असेल तर उत्तर दोनच्याही खाली येतं, म्हणजे हॅमरहेड नाही.

याच मापात बसणारे आणखी दोघे आहेत. ब्लॅकटिपच्या पराला तकाकी असते आणि टोकावर काळी छटा. वेजफिश आणि मोठ्या गिटारफिशच्या परांनाही तकाकी असते, त्यांवर कधी कधी पांढरे ठिपके दिसतात. हे शार्क नव्हेत, रे (पाकट) मासे आहेत, पण बाजारात त्यांचे पर शार्कचे म्हणूनच आणि चढ्या भावाने जातात. हॅमरहेडचा पर या दोघांपुढे निस्तेज, मातकट दिसतो. खिडकीजवळ नेऊन थोडा तिरका धरा, फरक लगेच कळतो.

हॅमरहेडमध्येही पुढची ओळख करता येते. ग्रेट हॅमरहेडचा पर फार उंच, टोकाकडे निमुळता आणि मागे विळ्यासारखा वळलेला असतो. स्कॅलप्ड हॅमरहेडची मागची कड बरीचशी सरळ किंवा जराशीच आत गेलेली असते. हे दोघेही अतिसंकटग्रस्त आहेत. खात्री वाटत नसेल तर नोंदीत ‘हॅमरहेड’ इतकंच लिहा. तेवढ्यानेही कायद्याचं काम होतं, आणि अर्धवट खात्रीचं नाव न्यायालयात महागात पडतं.

डोळ्यांची मर्यादा

सिल्की, डस्की, बुल अशा जातींचे पर एकमेकांशी इतके मिळतेजुळते असतात की नुसत्या नजरेने नाव सांगू नये. कातडी सोलून, रंग उडवून केलेल्या परांत आणि सुट्या केलेल्या तंतूंत तर आकारच उरत नाही. अशा मालातून नखाएवढा तुकडा कापा, ९५ टक्के इथेनॉलच्या कुपीत ठेवा आणि डीएनए तपासणीला पाठवा. प्रत्येक नमुन्यासाठी नवं पातं वापरायचं. एकाच पात्याने दोन पर कापले की दोन्ही नमुने वादात सापडतात. कुपीवर आणि परावर एकच क्रमांक घाला, मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचा आणि बुडाचा असे तीन फोटो काढा. पर किती, पोती किती, वजन किती, हे मालकाच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समोर लिहा.

मग कागद तपासा. सायटीस, म्हणजे संकटातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार, इथे आपल्या हातातलं मुख्य साधन आहे. व्हेल शार्क आणि बास्किंग शार्क त्यात २००२ मध्ये आले. ओशनिक व्हाइटटिप, पोरबीगल आणि तीन हॅमरहेड २०१३च्या बँकॉक बैठकीत, सिल्की आणि थ्रेशर २०१६ मध्ये, मेको, वेजफिश आणि मोठे गिटारफिश २०१९ मध्ये. २०२२ला पनामात रिक्विएम शार्कचं, म्हणजे सिल्की, डस्की, बुल ज्यात येतात ते अख्खं कुटुंब घेतलं गेलं आणि परांच्या व्यापारातल्या बहुतेक जाती कराराखाली आल्या. याचा तपासणीवर मोठा परिणाम झाला. पूर्वी पोत्यातले मोजके पर परवान्याचे निघायचे. आता परवान्याशिवाय चालेल असा पर निघाला तर तो अपवाद, म्हणून जबाबदारी उलटी करा आणि पाठवणाऱ्याकडे प्रत्येक जातीचं शास्त्रीय नाव मागा. परवान्यावर स्कॅलप्ड हॅमरहेडसाठी ‘स्फिर्ना लेविनी’ असं स्वच्छ नाव आणि प्रमाण हवं. या पकडीने जातीच्या अस्तित्वाला धोका पोचत नाही असा शास्त्रीय निष्कर्ष निर्यात करणाऱ्या देशाने आधी काढलेला असावा लागतो. नुसतं ‘शार्क’ लिहिलेला परवाना स्वीकारू नका.

‘फिनिंगवर बंदी आहेच की’ असं कुणी म्हटलं तर

हे वाक्य मला जवळपास प्रत्येक वेळी ऐकावं लागतं आणि त्याला नीट उत्तर देता आलं पाहिजे. बंदी हवीच. ती क्रूरता थांबवते आणि धड किनाऱ्यावर आल्यामुळे जात मोजता येते. पण २०२४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचे आकडे बघा. २०१२ ते २०१९ या काळात फिनिंगविरोधी कायदे कितीतरी वाढले, तरी मासेमारीत मरणाऱ्या शार्कची संख्या वर्षाला किमान ७.६ कोटींवरून ८ कोटींवर गेली. अख्खा शार्क किनाऱ्यावर आणायचा म्हटल्यावर त्याच्या मांसालाही गिऱ्हाईक शोधलं गेलं. म्हणजे पर कुठे कापायचा एवढंच बदललं. फरक पडतो तो किती शार्क पकडायचे याची मर्यादा, काही भागांत शार्कच्या मासेमारीला पूर्ण बंदी आणि ती पाळली जाते आहे ना हे बघणारी माणसं, यांनी. प्रशांत महासागरातल्या पालाऊ या बेटांच्या देशाने २००९ मध्ये आपलं सगळं सागरी क्षेत्र शार्कसाठी राखून ठेवलं, ते याच विचाराने.

समुद्राचं काय होतं हे सांगतानाही काळजी घ्या. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि रे यांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली, हे २०२१ला ‘नेचर’मध्ये आलेलं आहे आणि निर्धास्तपणे सांगावं. ५८ देशांतल्या ३७१ प्रवाळ खडकांवर पाण्याखाली कॅमेरे लावले, तेव्हा जवळजवळ २० टक्के खडकांवर एकही शार्क दिसला नाही, हा २०२०चा निष्कर्षही तसाच. परिणाम कसा पसरतो याचं सगळ्यात नीट अभ्यासलेलं उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेचं. तिथे टायगर शार्कच्या भीतीने डुगाँग (समुद्रगाय) आणि हिरवी कासवं धोक्याच्या जागी चरणं टाळतात. त्यामुळे तिथलं समुद्री गवत ओरबाडलं जात नाही, आणि ते गवत तळात कार्बन साठवून ठेवतं. शार्क काही न खाताही, नुसत्या असण्याने कुरण राखतो. तो नाहीसा झाला तर कोण कुठे चरतं हेच बदलतं.

शार्क संपले, म्हणून रे वाढले आणि त्यांनी शिंपल्यांची मासेमारी बुडवली, ही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची गोष्ट मात्र सांगू नका. ती २००७ मध्ये गाजली, पण २०१६च्या फेरतपासणीत तिचा पाया टिकला नाही. दरम्यानच्या काळात रे मारण्याचे उपक्रमही निघाले होते. शार्कची बाजू मांडायला खरे पुरावे भरपूर आहेत. कच्चा पुरावा दुसऱ्याच प्राण्याच्या जिवावर उठतो, म्हणून मी याबाबत फार कडक आहे.

ज्यांच्यासमोर पोतं कधीच येणार नाही त्यांच्यासाठी

शार्क तुमच्यापर्यंत दुसऱ्या नावांनी पोचतो. मांस ऑस्ट्रेलियात ‘फ्लेक’, ब्रिटनमध्ये ‘रॉक सॅमन’ म्हणून विकलं जातं. पाकिटावर जातीचं नाव नसेल तर विचारा. कूर्चेच्या गोळ्या ‘शार्कला कर्करोग होत नाही’ या दाव्यावर खपवल्या जातात. शार्कला गाठी होतात हे नोंदलेलं आहे, आणि फुफ्फुसाच्या कर्करोगावर घेतलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत शार्कच्या कूर्चेच्या अर्काचा रुग्णांना काही फायदा झाला नाही. सांधेदुखीच्या गोळ्यांत ‘काँड्रॉइटिन’ असेल तर ते कोणत्या प्राण्याचं हे लेबलवर बघा, कारण ते गाय, डुक्कर आणि शार्क या तिघांपासूनही काढतात.

सौंदर्यप्रसाधनांत ‘स्क्वालीन’ किंवा ‘स्क्वालेन’ हे नाव शोधा. ते खोल समुद्रातल्या शार्कच्या यकृताच्या तेलातून काढतात, आणि ऑलिव्ह किंवा उसापासूनही बनतं. लेबलवर ‘वनस्पतीजन्य’ असं लिहिलेलं नसेल तर कंपनीला लिहून विचारा, आणि उत्तर लेखी मागा. गोलमोल उत्तर आलं, ‘नैसर्गिक स्रोत’ एवढंच काहीतरी, तर ते ‘शार्क’ असं समजून दुसरं प्रसाधन घ्या.